बैलाला लस, कुत्र्याला भाकरी

गेल्या शनिवारी कपाट आवरताना बगचं लसीकरणाचं कार्ड सापडलं. (बग म्हणजे आमचा लॅब्रेडॉर. सॉफ्टवेअरवाल्याच्या घरी कुत्र्याचं दुसरं काय नाव असणार? :)) कार्डावर रेबीजच्या बूस्टरची तारीख लिहिलेली होती आणि ती उलटून चक्क आठ महिने झाले होते! ऑफिसात सर्व्हरचं सर्टिफिकेट एक दिवस उशिरा रिन्यू झालं तर रात्री दोनला लोकांना फोन करून उठवणारा मी. आणि घरात ही तऱ्हा.

खरं तर ही गोष्ट विसरण्याचा हक्क मला सगळ्यात कमी आहे. कारण पिंपळनेर.

पिंपळनेर म्हणजे धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं, पांझरेकाठचं गाव. आमच्या आबांचं घर तिथे. १९९४ च्या मे महिन्यात मी सुट्टीला तिथे होतो, वय वर्षं आठ. आबा जनावरांच्या बाबतीत भलते काटेकोर. पावसाळा तोंडावर आला की बैल आणि गायी दवाखान्यात नेऊन घटसर्प आणि फऱ्याची लस टोचून आणायचे. त्यात कधी खाडा नाही. घरात मोती नावाचा कुत्राही होता. त्याला काय? तर भाकरी. मी एकदा विचारलं, "आबा, मोतीला नाही का न्यायचं?" आबा हसले. म्हणाले, "कुत्राले बी कोणी सुई टोचस का रे भाऊ?"

त्याच महिन्यात मोतीने खाणं सोडलं. खाटेखाली अंधारात बसून राहायला लागला, जबडा लोंबायला लागला. दोन दिवसांनी तो माझ्या चुलतभावाला चावला, गोठ्यात शिरून कपिला गायीला चावला आणि चार दिवसांत मेला. मग घरातल्या सहा जणांना पोटात इंजेक्शनं. प्रत्येकी १४. रोज सकाळी जीप, रोज तीच रांग, रोज बेंबीभोवती नवी जागा शोधायची. आम्ही सगळे वाचलो. कपिला मात्र काही आठवड्यांनी गेली. तिचं ते घोगरं हंबरणं अजून कानात आहे. घटसर्प, फऱ्या सगळ्याची लस घेतलेली गाय, कुत्र्याला लस नव्हती म्हणून गेली. त्यानंतर आबा ते वाक्य पुन्हा कधी बोलले नाहीत.

तर कार्ड हातात धरून मी तो वीकेंड वाचनात घालवला. आणि एक गंमत कळली.

रेबीजची लस मुळात आधी कुत्र्यांनाच टोचली गेली होती! लुई पाश्चर ६ जुलै १८८५ ला पॅरिसमध्ये नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस द्यायला धजला, कारण त्याआधी त्याने ती कुत्र्यांवर वापरून पाहिली होती. मग माणसांनी लस उचलली आणि कुत्र्यांना बराच काळ विसरून गेली.

आपल्याकडे कुत्र्यांचं काय करायचं याचं उत्तर तेव्हा साधं होतं: मारा. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईच्या फोर्टात ब्रिटिशांनी भटकी कुत्री मारायची मोहीम काढली, तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली. दुकानं बंद, दंगल, फौज बोलवावी लागली. पण कुत्री मारून रेबीज काही गेला नाही. जुनी गेली की रिकाम्या जागी नवी येतात.

दुसरं उत्तर आलं माणसांवरच्या इलाजाचं. १९०० मध्ये कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथे १९११ मध्ये डेव्हिड सेंपलने मेंढीच्या मेंदूपासून लस बनवली. आमच्या पोटात गेलेली ती हीच. स्वस्त होती, लाखो जीव तिने वाचवले. पण मेंदूच्या पेशींमुळे काही जणांना लकव्यासारखे गंभीर त्रास व्हायचे. भारतात तिचं उत्पादन थेट २००४ च्या अखेरीला थांबलं. आता पेशींवर वाढवलेली लस येते, दंडात घ्यायची, मोजकेच डोस. त्या १४ सुयांची फक्त दहशत उरली आहे.

आणि जनावरांच्या लसींचं काय? इथे आपल्या पुणेकरांनी कॉलर ताठ करावी. देशातली जनावरांच्या रोगांची पहिली मोठी प्रयोगशाळा, इंपीरियल बॅक्टेरियॉलॉजिकल लॅबोरेटरी, ९ डिसेंबर १८८९ ला पुण्यात कॉलेज ऑफ सायन्समध्ये सुरू झाली. म्हणजे आजच्या सीओईपीत! १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलवली, कारण इतके संसर्गजन्य जंतू भर वस्तीत ठेवणं धोक्याचं होतं. तिचा मुख्य शत्रू होता बुळकांडी. गोठेच्या गोठे रिकामे करणारा रोग. मुक्तेश्वरला एडवर्ड्सने १९२० च्या दशकात बकऱ्यांमध्ये विषाणू वाढवून लस तयार केली, १९५४ मध्ये देशभर मोहीम सुरू झाली आणि २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त जाहीर झाला. २०११ मध्ये सगळं जग. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा दुसरा, आणि आतापर्यंत शेवटचा रोग.

खानदेशाने लसीचं मोल अगदी अलीकडेही पाहिलं. ४ ऑगस्ट २०२२ ला रावेर तालुक्यातल्या चिनावलला लंपी आढळला आणि बघता बघता राज्यभर पसरला. बाजार बंद पडले. बकऱ्यांच्या देवीची लस लंपीवरही चालते, कारण दोन्ही विषाणू एकाच कुळातले. तीच लस गोठ्यागोठ्यात जाऊन दिली गेली. तेव्हा पिंपळनेरहून काकांचा फोन आला होता, "बैलांचं झालं रे, काळजी नको." मी विचारलं, "आणि कुत्र्याचं?" पलीकडे शांतता.

हीच खरी मेख आहे. बैलाची किंमत रुपयांत करता येते, म्हणून त्याची लस आठवते. कुत्र्याची किंमत आपण त्याला रेबीज होईपर्यंत करत नाही.

खरं तर तिसरं उत्तर केव्हाचं सापडलंय. जपानने १९५० मध्ये कायदा करून कुत्र्यांची नोंदणी आणि लस सक्तीची केली. सात वर्षांत देशातला रेबीज संपला. इतक्या लांब कशाला, आपल्या शेजारी गोवा बघा. मिशन रेबीज आणि राज्य सरकारने २०१३ नंतर गल्लोगल्ली फिरून, जाळीत धरून, भटक्या कुत्र्यांना लस टोचली. वस्तीतल्या साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते, हा त्यामागचा हिशोब. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. कुत्री तीच, गल्ल्या त्याच. फक्त सुई कुणाला टोचायची ते बदललं.

आणि ही घाई का? रेबीजची लक्षणं एकदा दिसली की तो जवळजवळ नेहमीच जीव घेतो. जगात दरवर्षी अंदाजे ५९,००० माणसं त्याने मरतात आणि बहुतेक सगळी कुत्र्याच्या चावण्याने. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनमध्ये फुटला की रोलबॅक नाही. जे करायचं ते आधीच.

असो. सोमवारी हाफ डे टाकला आणि बगला डॉक्टरांकडे नेलं. रेबीज झाला, सोबत डिस्टेंपर आणि पार्व्होचाही बूस्टर. सुई टोचली तेव्हा पठ्ठ्याने शेपूट हलवणंही थांबवलं नाही. बिल एका मल्टिप्लेक्सच्या रविवारापेक्षा कमी आलं. पुढची तारीख आता फोनच्या कॅलेंडरमध्ये आहे, सर्व्हरच्या सर्टिफिकेटच्या शेजारीच.

संध्याकाळी काकांना फोन केला. म्हटलं, "काका, दवाखान्यात जाल तेव्हा वाघ्यालाही न्या." काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कपिला आठवते का रे तुला?"

म्हटलं, "आठवते ना."

"नेतो मग उद्या."

तुमच्या घरातलं ते कार्ड कुठे आहे? बघा बरं एकदा.