डिप्रेशनची गोळी सुरू करायला भीती वाटते? पहिल्या काही आठवड्यांत नेमकं काय होतं

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, गोळ्या घरी आल्या, पण पाकीट काही फोडलं गेलं नाही. असं अनेकांचं होतं. मोबाइलवर गोळीचं नाव टाकलं की दुष्परिणामांची लांबलचक यादी येते. त्यात घरातलं कुणीतरी सांगतं, "एकदा सुरू झाली की सुटत नाही बरं का!" यातली काही भीती खरी आहे. काही मात्र भलत्याच गोळ्यांची आहे.

आधी त्रास, मग फायदा

एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही सहसा सुरुवातीला दिली जाणारी औषधं 'एसएसआरआय' या गटातली. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देताना सेरोटोनिन हे रसायन वापरतात आणि मग ते परत आत ओढून घेतात. हे ओढून घेणं गोळीमुळे कमी होतं. त्याला काही तास पुरतात. मनाला मात्र वेळ लागतो.

मळमळ, जुलाब, डोकेदुखी, झोप उडणं किंवा जास्त येणं, जरा बेचैनी हे त्रास पहिल्या काही दिवसांतच जाणवू शकतात. बहुतेकांचे ते एक-दोन आठवड्यांत ओसरतात. बरं वाटायला सुरुवात होते साधारण २ ते ४ आठवड्यांनी आणि पूर्ण परिणाम दिसायला ६ ते ८ आठवडेही लागतात. म्हणजे दहाव्या दिवशी पेशंटच्या पदरात नुसता त्रास असतो, फायदा शून्य. गोळी सोडून देण्याचा मोह नेमका तेव्हाच होतो. डॉक्टरांनी हे चिठ्ठी देतानाच सांगायला हवं, पण गर्दीच्या ओपीडीत ते राहून जातं. जेवणानंतर गोळी घेतली तर मळमळ कमी होते. झोप उडत असेल तर गोळीची वेळ सकाळी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

एक त्रास मात्र आपोआप जाईलच असं नाही. लैंगिक इच्छा कमी होणं किंवा संबंधांत अडचण येणं. याबद्दल कुणी बोलत नाही, गुपचूप गोळी बंद करतात. डॉक्टरांना हे नवीन नसतं. डोस किंवा औषध बदलता येतं.

सवय लागते का?

या भीतीचं मूळ बऱ्याचदा त्याच चिठ्ठीत असतं. सुरुवातीला झोप किंवा घबराटीसाठी क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलामही लिहून दिलेलं असतं. या गोळ्यांची सवय लागते, म्हणून त्या थोड्याच दिवसांसाठी असतात. चिठ्ठीतली कुठली गोळी कशासाठी आणि किती दिवस, हे विचारून घ्या.

एसएसआरआयची तलफ येत नाही. पण ती एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, झोपमोड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं असे त्रास होऊ शकतात. काहींना ते बराच काळ होतात. म्हणून डोस हळूहळू उतरवायचा. साधारणपणे बरं वाटू लागल्यावरही किमान ६ महिने औषध चालू ठेवतात.

उपयोग तरी होतो का?

'सेरोटोनिन कमी पडलं की डिप्रेशन येतं' हे स्पष्टीकरण फारच सोपं आहे, संशोधक ते आता तसंच्या तसं मानत नाहीत. पण म्हणून औषध निरुपयोगी ठरत नाही. २०१८ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये ५२२ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रौढांमध्ये तपासलेली सर्व २१ औषधं नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली, फरक मात्र सरासरीने बेताचाच होता. कुणाला खूप फरक पडतो, कुणाला पहिलं औषध लागूच पडत नाही आणि दुसरं द्यावं लागतं. सौम्य डिप्रेशनमध्ये फक्त समुपदेशनानेही भागू शकतं.

इथे मात्र थांबू नका

अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ मध्ये या औषधांवर मुलं आणि किशोरवयीनांसाठी ठळक इशारा छापायला लावला. २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला. सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलताना या वयात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. या काळात घरातल्या एकाला तरी गोळी सुरू केल्याचं माहीत असावं. असे विचार आले किंवा बेचैनी असह्य झाली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा. सरकारची 'टेली-मानस' हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

झोप न घेताही अंगात प्रचंड उत्साह, बेफाम खर्च, न थांबणारी बडबड सुरू झाली तर तेही लगेच कळवा. हा बायपोलर आजार असू शकतो, त्याचे उपचार वेगळे आहेत. घरात कुणाला तो असेल तर आधीच सांगा. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं, ट्रामाडॉल, दारू, गरोदरपण यांबद्दलही काही लपवू नका.

आणि एखाद्या दिवशी गोळी राहिलीच, तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. नेहमीच्या वेळी एकच.