षड्ज कोणाचा?

घरी ध्वनियंत्रणा बसवायची म्हटले की आपण आधी स्पीकरकडे पाहतो. जुन्या तबकड्या ऐकायच्या असतील तर मी म्हणेन, आधी वेग पाहा. १९०२ साली फ्रेड गाइसबर्ग यांनी कोलकात्यात गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा मिनिटाला ७८ फेऱ्यांचे प्रमाण ठरलेले नव्हते. ते स्थिरावले १९२५च्या सुमारास. आता ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ वर लावली, तर गाणे जवळजवळ अर्ध्या सुराने चढते, लयही पळते. ज्या गवयाचा षड्ज म्हणून आपण मान डोलावतो, तो खरे तर आपल्या मोटारीचा असतो!

वसईत माझ्या घरी वेग तपासायला जुनी चोकवाली ट्यूबलाइट आहे. आपल्याकडच्या ५० सायकलच्या विजेवर ती सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. ७७ काळ्या रेघांची कागदी चकती फिरत्या तबकडीवर ठेवायची. वेग ७८ला जुळला की रेघा थिजल्यासारख्या दिसतात. पुढे सरकल्या तर वेग जास्त, मागे सरकल्या तर कमी. एलपीच्या चकतीवर रेघा १८०. एलईडी दिव्याखाली हे जमेलच असे नाही.

पण १९२५च्या आधीच्या तबकडीला ७८ तरी कशावरून बरोबर? तिथे साथीची पेटी ऐकावी. तिचा सूर काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्येच लोंबकळत असेल, तर वेगावर संशय घ्यावा आणि बटण हळूहळू फिरवावे. स्पीकर भिंतीपासून किती लांब ठेवायचे, ते त्यानंतर.