लीलच्या ताटातील फ्लँडर्स
अस्सल फ्रेंच-फ्लेमिश जेवणासाठी उत्तर फ्रान्समधील या शहरात कुठे जावे?

फ्रान्सला जाणारा मराठी पर्यटक सहसा पॅरिसमध्येच रमतो. मात्र पॅरिसहून वेगवान रेल्वेने अवघ्या तासाभरात गाठता येणारे, बेल्जियमच्या सीमेलगतचे लील हे शहर खवय्यांसाठी स्वतंत्र भेटीचे ठिकाण आहे. पूर्वी फ्लँडर्सच्या सरदारकीत असलेले हे शहर चौदाव्या लुईने १६६७ मध्ये जिंकून फ्रान्सला जोडले. येथील सामान्यांची बोली फ्लेमिश नव्हती, ती पिकार्ड होती. तरीही फ्लँडर्सशी असलेले नाते येथील स्वयंपाकघराने आजही जपले आहे.

एस्तामिने म्हणजे काय?

या जेवणाचे हक्काचे ठिकाण म्हणजे ‘एस्तामिने’. कष्टकऱ्यांनी दिवसाअखेर बिअर प्यावी, लाकडी खेळ खेळावेत, गप्पा माराव्यात, अशी ही साधी गुत्तेवजा जागा असे. विसाव्या शतकात एस्तामिने झपाट्याने कमी झाली. आज दिसणारी बरीचशी एस्तामिने ही परंपरा टिकावी म्हणून नव्याने उभी राहिलेली आहेत. जुनी लाकडी बाके, भिंतीवरच्या जुन्या जाहिराती आणि छताला टांगलेल्या हॉप्सच्या वेली ही त्यांची खूण.

जुन्या लीलमधील ‘र्‍यू द गां’ हा रस्ता उपाहारगृहांसाठी प्रसिद्ध आहे. ‘तरायसेल’ आणि ‘शे ला व्हिये’ ही दोन नावाजलेली एस्तामिने याच रस्त्यावर आहेत. ‘रायसेल’ हे लीलचे फ्लेमिश नाव. जवळच ‘प्लास ओ झोन्यों’ या चौकात ‘ओ व्हिय द ला व्हिये’ आहे. जागा लहान आणि गर्दी मोठी असल्याने शनिवार-रविवारी आधी टेबल राखून ठेवणे श्रेयस्कर.

काय खावे?

‘कार्बोनाद फ्लामांद’ हा येथील मानाचा पदार्थ. गोमांस बिअरमध्ये कांद्यासह मंद आचेवर तासन्‌तास शिजवतात. त्यात ब्राऊन शुगर आणि मसालेदार पावाचे तुकडे घालून दाट, आंबटगोड रस्सा तयार होतो. ‘पॉचव्लेश’मध्ये कोंबडी, ससा, डुक्कर आणि वासराचे मांस जेलीत गोठवून थंडच वाढतात, सोबत गरम फ्राईज असतात. मूळचा गेंट शहराचा ‘वाटरझोई’ हा कोंबडी किंवा मासळीचा, मलई घातलेला सौम्य रस्सा. ‘वेल्श’ म्हणजे बिअरमध्ये वितळवलेले चेडर चीज पाव आणि हॅमवर ओतून भाजलेला, एका माणसाला जड जाणारा पदार्थ.

‘मारवाल’ हे विटकरी सालीचे चीज उग्र वासाने नवख्याला दचकवते, पण त्याची चव वासाच्या मानाने बरीच सौम्य असते. भाजल्यावर ती आणखी निवळते, म्हणून सुरुवात मारवालच्या टार्टपासून करावी.

शाकाहारींनी सावध राहावे

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. या भागात फ्राईज परंपरेने गाईच्या चरबीत तळले जातात. त्यामुळे ‘नुसते बटाटे’ मागवणारा शाकाहारी किंवा गोमांस वर्ज्य असणारा पाहुणा नकळत फसू शकतो. कशात तळले आहे, हे विचारूनच मागवावे. वेल्श हॅमशिवाय मिळेल का, टार्टमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे आहेत का, हेही विचारावे. पारंपरिक मारवाल चीज वासराच्या जठरातील रेनेटने बनवतात, याचीही कल्पना असावी.

गोडाधोडाचे

एस्केर्म्वाझ रस्त्यावरील ‘मेर’ या दुकानाची परंपरा १७६१ पर्यंत मागे जाते. व्हॅनिलाचे सारण भरलेले तेथील पातळ, मऊ वॉफल जगप्रसिद्ध आहे. १८९० मध्ये याच शहरात जन्मलेले चार्ल्स द गॉल यांनाही ते प्रिय होते. मेरँग, मलई आणि चॉकलेटच्या किसाचा ‘मेर्वेयो’ हाही चुकवू नये. या दोन्हींत मांस नसले, तरी मेर्वेयोच्या मेरँगमध्ये अंडे असते.

केव्हा जावे?

दुपारचे जेवण साधारण बारा ते दोन आणि रात्रीचे सातनंतर. मधल्या वेळेत अनेक स्वयंपाकघरे बंद असतात. रविवारी सकाळी वाझेमचा बाजार गजबजतो. तेथे चीज, भाज्या आणि तयार खाद्यपदार्थ मिळतात. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी ‘ब्रादरी’ हा जुन्या वस्तूंचा प्रचंड बाजार भरतो. त्या दोन दिवसांत शिंपले आणि फ्राईज हेच शहराचे जेवण असते. रिकाम्या शिंपल्यांचे ढीग उपाहारगृहांबाहेर रचण्याची आणि कोणाचा ढीग उंच, यावर चुरस लागण्याची परंपरा होती. सुरक्षेच्या कारणास्तव २०१६ मध्ये आणि करोनामुळे २०२० व २०२१ मध्ये हा बाजार रद्द झाला होता. त्यानंतर तो पुन्हा भरू लागला.