घाऊक मटण घेताना: वजन, वाटणी आणि फ्रीझर

रमजान जवळ आला किंवा घरात वलीमा, अकीका ठरला की एकच हिशोब सुरू होतो. नेहमीच्या दुकानातून किलो-किलोनं आणायचं, की घाऊक खाटकाकडून सगळं एकदम उचलायचं? घाऊकात पैसे वाचतात हे खरं, पण दरवेळी नाही. आणि वाटतात तितके तर क्वचितच.

आमच्या इमारतीत एका रमजानला पाच घरांनी मिळून दोन बोकड घेतले. मटण उत्तम निघालं. वाटणी मात्र अंदाजानं केली. एका घराच्या पिशवीत मान आणि सीन्याची हाडंच जास्त गेली, आणि पुढे महिनाभर जिन्यात सलामसुद्धा जेमतेम. पैशाच्या गोष्टी आधी बोलल्या असत्या तर हे झालंच नसतं.

जिवंत वजन आणि हातात येणारं मटण

बोकड जिवंत वजनावर घेतला की निम्म्याहून थोडं कमीच मटण हातात येतं. २० किलोच्या बोकडातून हाडासकट साधारण ९ ते १० किलो धरा. समजा जिवंत भाव ४०० रुपये किलो आहे. बोकडाचे ८,००० झाले, कापणी-सफाईचे ३०० धरा. मटण ९ किलो निघालं तर ते किलोला ९२२ रुपयांच्या आसपास पडलं. आता दुकानातल्या भावाशी ताडून बघा. मुंडी, पाये, कलेजी, गुर्दे, वजडी वेगळी मिळतात, खरा फायदा तिथेच असतो. ज्या घरात पाये आणि वजडी आवडीनं खातात त्यांना हा सौदा परवडतो. ज्यांना फक्त बिर्याणीचे तुकडे हवेत त्यांनी सोलून साफ केलेल्या अख्ख्या बोकडाचा भाव विचारावा.

भरपूर चारा-पाणी घालून वजनाला उभं केलेलं जनावर काट्यावर भारी दिसतं, पण ते वजन पोटातलं असतं. म्हणून वजन कधी करणार हे आधीच विचारा. मुंडी-पाये आणि कातडं कोणाचं, कापणीचे पैसे भावात धरलेत की वेगळे, हेही सुरी फिरण्याआधी ठरवा. नंतर विचारलं की कटकट होते.

मेंढीचं मटण बोकडाचं म्हणून गळ्यात मारल्याची तक्रार नेहमीची आहे. टांगलेल्या बोकडाला बरेच खाटीक मुद्दाम शेपटी ठेवतात, ती बघा. मेंढीवर चरबीचा थर जाड असतो आणि वासही वेगळा. ताजं मटण ओलसर पण चिकट नसतं, चरबी पांढरी आणि घट्ट असते. जनावर कोण हलाल करतं, हे सरळ विचारा. चांगला खाटीक या प्रश्नानं चिडत नाही.

कापणी सांगून घ्या

"बिर्याणीचं काप" एवढं सांगून पुरत नाही. बिर्याणीला रान आणि पुठ, सालनाला दस्ती, सीना आणि मान, पायांबरोबर नळ्या वेगळ्या, खिमा बिनहाडाचा की चरबी घालून, हे कागदावर लिहून द्या. वलीम्यासाठी घेत असाल तर बावर्चीला आधी विचारा. तुकडा केवढा हवा आणि किती देगा चढणार हे त्याला माहीत असतं. गदूद काढून टाकायला सांगा. हनफी घरांत ते मकरूह मानतात, आणि शिजल्यावर त्यांची चवही काही चांगली लागत नाही.

वाटणी असेल तर काटा समोर ठेवा. रान, दस्ती, सीना असे आधी ढीग करून प्रत्येक ढिगातून प्रत्येक घराला तोलून द्यायचं. वेळ लागतो, पण भांडण होत नाही. पैसे नंतर देणार असाल तर किती आणि कधी, ते लिहून ठेवा. उधारी लिहून ठेवायचा हुकूम तर सूरह बकरातच आहे.

पावती फेकू नका

बड्याचं घेणाऱ्यांसाठी हे जास्त महत्त्वाचं. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीचं मटण चालतं, पण पिशवीतलं कापलेलं मटण नुसतं बघून ते कशाचं आहे हे रस्त्यात कोणी ठरवू शकत नाही. तारीख, वजन, जनावर आणि दुकानाचं नाव असलेली पावती वाटेत हाताशी ठेवा. शक्यतो परवानाधारक दुकानातूनच घ्या. पालिकेच्या कत्तलखान्यात जनावराची कापण्याआधी आणि नंतरही तपासणी होते, मुंबईत हे काम १९७१ पासून देवनारला चालतं. खाटकाकडचं मटण कुठून येतं ते विचारून ठेवा. पाच-दहा किलो हातात धरून बस-लोकलनं नेण्यापेक्षा ते घरपोच देतील का, हेही बघा.

घरी आल्यावर

सगळ्यात जास्त मटण इथे वाया जातं. नुकतं कापलेलं गरम मटण मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत दाबून ठेवलं की आतून लवकर खराब होतं. आधी परातीत पसरून निवू द्या, मग काही तास फ्रीजच्या खालच्या भागात ठेवा. कापल्या कापल्या थेट बर्फात टाकलेलं मटण शिजायला चिवट होतं. नंतर एका वेळेला लागेल तेवढ्याच पिशव्या करा, हवा काढा आणि वर तारीख लिहा.

साध्या फ्रीजचा फ्रीझर एकदम २० किलो गोठवू शकत नाही. ५० लिटरच्या फ्रीझरमध्ये एका दिवसात दोन-अडीच किलोच नीट गोठतं. जास्त कोंबलं तर मधल्या पिशव्या रात्रभर नरमच राहतात. म्हणून आधी फ्रीझर बघा, मग बोकड ठरवा. जागा नसेल तर बहिणीकडे, सासरी, शेजारी आधी विचारून ठेवा. उणे १८ अंशांवर तुकड्यांचं मटण चार-सहा महिने चांगलं राहतं. खिमा तीन-चार महिन्यांत आणि कलेजी-गुर्दे त्याहून आधी संपवा. वितळलेलं कच्चं मटण पुन्हा गोठवू नका, शिजवून मग ठेवलं तर चालतं.

गावाकडे पावसाळ्यात लाईट जाते तेव्हा फ्रीझरचं दार सारखं उघडून बघू नका. दार बंद असेल तर भरलेला वेगळा फ्रीझर साधारण दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. फ्रीजच्या वरचा छोटा कप्पा मात्र तेवढा टिकत नाही, त्यातलं त्याच दिवशी शिजवून टाका.