दोन ठिकाणची नोंद



२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. आपल्या दशलक्षण पर्वाची सांगता आणि गणपती विसर्जन एकाच दिवशी. दुसऱ्या दिवशी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. नांदेडला आमच्या मांडणीवरची भांडी वाजली. किल्लारी, सास्तूर भागात मात्र दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसं झोपेतच गेली. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली.

काही दिवसांनी मी लातूरला माहेरी गेले. वडिलांचं आडत दुकान होतं. तिथे किल्लारीकडची एक बाई आली. घर, नवरा, कागदांची पेटी, सगळं ढिगाऱ्यात गेलेलं. तिने विचारलं, "आमच्या मालकाचं काई निघतंय का तुमच्या वहीत?" वडिलांनी खातेवही उघडली. नोंद सापडली, बाकी रक्कम तिच्या हाती पडली. पण बँक कोणती, सोसायटीत काय, हे तिला ठाऊकच नव्हतं. मालकानं कधी सांगितलं नव्हतं, म्हणाली.

मला तेव्हा तिची कीव आली. मी बी.कॉम. झालेली ना!

दोन वर्षांपूर्वी आमचे हे अतिदक्षता विभागात होते. पॉलिसी, फंड, डिमॅट सगळं त्यांच्या फोनमध्ये, आणि फोनचं लॉक मला माहीत नव्हतं. त्या बाईची पेटी मातीखाली होती, माझी माझ्याच हातात. उघडत दोघींनाही नव्हती.

हे बरे होऊन घरी आल्यावर मी विषय काढला. "असं अभद्र कशाला बोलतेस?" म्हणाले. मी किल्लारीच्या बाईची गोष्ट सांगितली. मग गप्प बसून त्यांनीच वही ओढली.

कोणतं खातं, कोणती शाखा, पॉलिसी नंबर, नॉमिनी कोण, हे सगळं लिहिलं. बँकेचा पिन आणि ओटीपी लिहायचे नाहीत, कुणाला सांगायचेही नाहीत. मागे राहिलेल्याने नॉमिनी म्हणून रीतसर दावा करावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात. डिजिलॉकरमध्येही नॉमिनी नेमता येतो. फोनचं लॉक तेवढं बंद पाकिटात. यादीची एक प्रत दोघांच्या नावच्या लॉकरमध्ये, दुसरी लेकीकडे. व्हॉट्सॲपवर काहीच नाही.

हिशेबात आपण दुहेरी नोंद शिकतो. घराच्या माहितीलाही तोच नियम लावा. दिवाळीला वहीपूजन कराल, तेव्हा ही यादीही काढा, बदल लिहा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला वाचून दाखवा.