तलवारीवाचूनची वाटचाल

ऑनलाइन भूमिका-खेळांचा इतिहास बहुधा लढायांच्या अंगाने सांगितला जातो. या जगांमध्ये भाता फुंकणारे, कापड बेतणारे, जखमींवर उपचार करणारे, नाचणारे आणि मालाची ने-आण करणारे खेळाडूही पहिल्यापासून आहेत. शस्त्र न उचलता खेळण्याची ही परंपरा आता साडेचार दशकांहून जुनी झाली आहे. तिला एक कार्यालय नाही, एक संस्थापक नाही. पण तिचे टप्पे आहेत, तिच्यावर आलेली संकटे आहेत आणि ती जगवणाऱ्या माणसांची मोठी मांदियाळी आहे.

आरंभ १९७८ चा. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने ‘मड’ हा अनेकांनी मिळून खेळायचा खेळ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे नेला. पडद्यावर चित्र नव्हते, केवळ मजकूर होता. खजिना शोधावा, गुण मिळवावेत, पायरी चढावी, असा त्याचा क्रम. या चौकटीला पहिला मोठा फाटा फुटला १९८९ मध्ये. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात जेम्स अॅस्पनेस यांनी ‘टायनीमड’ उभारले. त्यात पातळ्यांची शर्यत नव्हती. खेळाडू नव्या खोल्या रचत आणि एकमेकांकडे जाऊन गप्पा मारत. पुढे १९९६ मध्ये बार्टल यांनी खेळाडूंच्या चार प्रवृत्ती मांडल्या : यश मिळवणारे, भटकून शोध घेणारे, माणसे जोडणारे आणि इतरांवर चालून जाणारे. चौघांपैकी दोघांना लढाईत फारसा रस नसतो, ही गोष्ट त्या लेखामुळे खेळ घडवणाऱ्यांच्या कायमची ध्यानात राहिली.

या परंपरेला खरे घर मिळाले ते २४ सप्टेंबर १९९७ रोजी. टेक्सासमधील ऑस्टिन येथील ओरिजिन सिस्टिम्सने ‘अल्टिमा ऑनलाइन’ खुले केले. रिचर्ड गॅरियट यांची ही कल्पना आणि राफ कोस्टर तिच्या रचनेचे प्रमुख शिल्पकार. येथे योद्धा किंवा जादूगार असा शिक्का आधीच बसत नसे. प्रत्येक पात्राला एकूण सातशे गुणांची कौशल्ये कमावता येत. ती कोणती, हे खेळाडूने ठरवायचे. स्वयंपाक, मासेमारी, शिवणकाम, नकाशे काढणे, जनावरे माणसाळवणे, इतकेच काय, भीक मागणे हेसुद्धा कौशल्य म्हणून नोंदले होते.

त्यातल्या लोहाराचा दिवस जवळून पाहण्यासारखा असे. मिनॉक गावाजवळच्या खाणीत कुदळ मारायची, धातुक जनावराच्या पाठीवर लादायचे, भट्टीत वितळवून लगडी करायच्या आणि मग ऐरणीवर चिलखत घडवायचे. सुरुवातीला बराचसा माल बिघडे. कौशल्य शंभरावर पोहोचले की ‘ग्रँडमास्टर’ ही पदवी मिळे आणि उत्तम उतरलेल्या वस्तूवर घडवणाऱ्याचे नाव कोरता येई. ते नाव पाहून गिऱ्हाईक माल निवडू लागे. एकही राक्षस न मारता माणूस सर्व्हरभर नावारूपाला येऊ शकतो, हे येथे सिद्ध झाले. घरे बांधली गेली, घरांपुढे दुकाने लागली आणि खेळाडूंनीच चालवलेली मद्यगृहे भरू लागली. एक लाख वर्गणीदारांचा टप्पा गाठणारा हा अशा प्रकारचा पहिला खेळ ठरला आणि २००३ च्या सुमारास ही संख्या अडीच लाखांपर्यंत गेली.

पण याच काळात कारागिरांचे हालही झाले. कोणी कोणालाही मारू शकत असल्यामुळे खाणीच्या तोंडाशी लुटारू दबा धरून बसत. दिवसभराची कमाई एका क्षणात जाई. अनेकांनी कंटाळून खेळ सोडला. अखेर मे २००० मध्ये जगाची दुसरी प्रत तयार करण्यात आली. ‘ट्रॅमेल’ नावाच्या या भूमीत संमतीशिवाय दुसऱ्या खेळाडूवर हल्ला करता येत नसे. स्वातंत्र्य गेले, अशी ओरड तेव्हा झाली आणि ती आजही ऐकू येते. तिच्यात तथ्य आहे. धोका गेला तसा जगाचा थोडा ताणही गेला. तरी शिकाऱ्याच्या स्वातंत्र्याला मर्यादा घातल्यावर लोहाराचे स्वातंत्र्य वाढले, ही बाजू अधिक वजनदार मानावी लागेल. खेळाडूचे स्वातंत्र्य मोजायचे तर सर्वांत दुबळ्या पात्राला काय करता येते, यावरून मोजावे.

२००३ हे वर्ष या वाटचालीतील सुगीचे. फेब्रुवारीत अँड्र्यू टेपर यांच्या ‘ए टेल इन द डेझर्ट’ने लढाई पूर्णपणे वगळून प्राचीन इजिप्त उभा केला. खेळाडू कायद्याचे मसुदे मांडत, सह्या गोळा करत, मतदान घेत आणि मंजूर कायदा खेळाच्या नियमांत उतरवला जाई. मे महिन्यात आइसलँडच्या सीसीपी कंपनीचे ‘ईव्ह ऑनलाइन’ आले. त्यातील बहुतेक अंतराळजहाजे खेळाडूंच्या कारखान्यांतून निघत. बाजारपेठ इतकी वाढली की २००७ मध्ये कंपनीने एयोल्फुर गुड्मुंडसन या अर्थतज्ज्ञांची नेमणूक केली आणि २००८ पासून खेळाडूंनी निवडलेले सल्लागार मंडळ काम करू लागले.

२००३ मध्येच २६ जूनला ‘स्टार वॉर्स गॅलेक्सीज’ सुरू झाले. रचनेची सूत्रे पुन्हा राफ कोस्टर यांच्याकडे होती. तिसाहून अधिक व्यवसायांत डॉक्टर, वास्तुरचनाकार, आचारी, शिंपी, राजकारणी, वादक आणि नर्तक होते. लढून आलेल्या पात्राला थकवा चढे आणि तो साध्या औषधाने उतरत नसे. त्यासाठी मद्यगृहात बसून नाच-गाणे पाहावे लागे. ग्रहाग्रहांवरचे नामांकित योद्धे नर्तिकेसमोर शांत बसत, आभार मानत आणि जाताना बक्षिसी ठेवत. वाट पाहण्याच्या त्या वेळात ओळखी होत, सौदे ठरत, गावांच्या निवडणुकांची चर्चा रंगे. लढवय्याला कलावंताची गरज लागावी, अशी ही योजना होती आणि आजवर तिच्याइतकी सुरेख योजना झालेली नाही.

नोव्हेंबर २००५ मध्ये घाव बसला. नवख्यांना खेळ सोपा जावा म्हणून सारे व्यवसाय मोडून केवळ नऊ ठेवण्यात आले. प्राणी पाळणाऱ्यांचा आणि जैव-अभियंत्यांचा व्यवसाय तर पुसलाच गेला. दोन वर्षे खपून उभी केलेली पात्रे एका रात्रीत निरर्थक झाली. खेळाडू मोठ्या संख्येने निघून गेले आणि १५ डिसेंबर २०११ रोजी ते जग बंद झाले. मात्र स्वयंसेवक प्रोग्रामरांनी बदलापूर्वीचे जग पदरमोड करून, ओळ ओळ लिहून पुन्हा उभे केले. तेथे मद्यगृहे परत उघडली. या परंपरेच्या चिवटपणाचा याहून मोठा पुरावा नाही.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. ठाणे, डोंबिवली, कल्याण येथे स्टेशन परिसरातील सायबर कॅफेंत ताशी दराने बसणाऱ्या मुलांवर प्रथम ‘काउंटर-स्ट्राइक’ या गोळीबाराच्या खेळाचे राज्य होते. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात कोरियन ‘रॅग्नरॉक ऑनलाइन’चे भारतीय सर्व्हर चालले आणि त्यातील ‘मर्चंट’ने येथील खेळाडूंना दुकानदारीची गोडी लावली. हातगाडी घ्यायची, चौकात बसायचे, पाटी लावायची; विक्री होईपर्यंत संगणक मात्र चालू हवा. भारनियमनाच्या त्या वर्षांत वीज गेली की दुकान बंद.

पुढचा टप्पा महासाथीच्या काळातला. ‘जीटीए फाइव्ह’ या खेळावर ‘फाइव्हएम’ या हौशी मंडळींनी बनवलेल्या जोड-प्रणालीच्या साहाय्याने उभारलेली भूमिका-नगरे २०२०-२१ मध्ये भारतात लोकप्रिय झाली. डायनॅमो गेमिंग या नावाने परिचित असलेले मुंबईचे आदित्य सावंत यांच्या गटाचे ‘हायड्रा टाउन’ हे त्यांपैकी एक. गुन्हेगारीवर बेतलेल्या मूळ खेळातच तरुण रुग्णवाहिका चालवू लागले, गॅरेज काढू लागले, पोलिसांत भरती होऊ लागले. अशा नगरांतील ‘फिअर आरपी’चा नियम ध्यानात घेण्याजोगा आहे : समोर बंदूक रोखली गेली तर पात्राने घाबरले पाहिजे. जीव एकच आहे, असे मानून वागायचे. ऑगस्ट २०२३ मध्ये मूळ खेळाच्या निर्मात्या रॉकस्टार कंपनीने फाइव्हएमच्या चमूला आपल्यात सामावून घेतले आणि हौशी मंडळींच्या कामाला अधिकृत मान मिळाला.

आज या भूमिकांचे स्थान पक्के आहे. ‘फायनल फँटसी फोर्टीन’मध्ये आठ कारागीर आणि तीन संकलक हे पूर्ण दर्जाचे वर्ग आहेत. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन’मध्ये खेळाडूंचे वाद्यवृंद २००९ पासून एका टेकडीवर स्वतःचा संगीत महोत्सव भरवत आले आहेत. ‘अल्टिमा ऑनलाइन’ही पंचविशी ओलांडून चालू आहे.

उणीव आहे ती आपल्या भूमीवरील जगाची, आणि सामग्री तर दाराशी आहे. ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांबरोबर सोनाराने आणि लोहारानेही दिलेली दाने कोरलेली आहेत. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर कल्याणच्या खाडीत आरमाराची जहाजे बांधली गेली. सुतार, लोहार, तांडेल, दोरखंड वळणारे, जकात घेणारे, अशा किती भूमिका यात आहेत! इतिहासाचे अभ्यासक, नाट्यसंस्थांतील लेखक-कलावंत आणि संगणकाचे विद्यार्थी यांनी एकत्र बसून हे बंदर उभारायला घ्यावे. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत ही तिन्ही प्रकारची माणसे आहेत.