पक्का रंग आणि पानातली बुरशी

साडीच्या दुकानात गिऱ्हाईक पोत पाहते, काठ पाहते, भाव करते आणि शेवटी विचारते, "रंग पक्का आहे ना?" रंगाऱ्याच्या धंद्याची सारी अब्रू या प्रश्नात असते. धुण्यात उतरला तो रंग कच्चा आणि रंगारीही कच्चा. गेल्या पावणेदोनशे वर्षांत रसायनशास्त्राने पक्केपणाची ही विद्या इतकी पुढे नेली की ऊन, घाम, साबण यांना दाद न देणारे रंग बाजारात आले. कापडावर न बसलेला रंग मात्र सांडपाण्याबरोबर ओढ्यात गेला आणि तिथेही तो पक्काच राहिला.

आधीची रंगपेटी झाडांची होती. मंजिष्ठेच्या आणि आलाच्या मुळांतून लाल, निळीच्या पाल्यातून निळा. १८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम हेन्री पर्किन क्विनीन बनवायला बसला आणि त्याच्या हाती डांबरापासून निघालेला जांभळा रंग लागला. दोनच वर्षांनी पीटर ग्रीस या जर्मन रसायनतज्ज्ञाने एक अभिक्रिया शोधली. तिच्यातून नायट्रोजनच्या दोन अणूंच्या सांध्यावर उभे असलेले 'ॲझो' रंग जन्माला आले. १८८४ साली पॉल बॉटिगरने 'काँगो रेड' बनवला. तुरटी-हिरड्याचा हात न देता तो थेट सुतावर चढे. १९५६ मध्ये आयसीआय या ब्रिटिश कंपनीने 'प्रोसिऑन' रंग आणले. हे रंग सुताच्या धाग्याशी रासायनिक गाठच मारतात. पण त्यांची पाण्याशीही तशीच गाठ पडते. पाण्याशी जोडला गेलेला रंग मग कापडावर कधीच बसत नाही आणि धुलाईत निघून जातो. काही छटांच्या बाबतीत हा वाया जाणारा वाटा निम्म्यापर्यंत पोचतो.

या धंद्याची किंमत पहिल्यांदा कामगारांनी मोजली. १८९५ साली फ्रँकफुर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना होणाऱ्या मूत्राशयाच्या कर्करोगाकडे लक्ष वेधले. पुढे त्यामागची ॲरोमॅटिक अमाइन्स ओळखली गेली. ज्यांच्यातून घातक अमाइन्स सुटतात अशा ॲझो रंगांवर जर्मनीने १९९४ मध्ये बंदी जाहीर केली आणि १९९७ मध्ये भारत सरकारनेही अशा रंगांना मनाई केली. सांडपाणी शुद्ध करणाऱ्यांसाठी यात एक मोठा धोका दडलेला आहे. बंद, हवा नसलेल्या टाकीत जिवाणू ॲझोचा सांधा तोडतात, पाण्याचा रंग जातो आणि नेमकी हीच अमाइन्स मागे उरतात. पाणी निवळ दिसते, पण निर्धोक झालेले नसते. चुना आणि तुरटी घालून रंग खाली बसवला तर रंगीत गाळाचे ढीग साचतात आणि तो गाळ टाकायचा कुठे, हा पुढचा प्रश्न.

इथे बुरशीची गोष्ट सुरू होते आणि तिचे पहिले टोक जपानात सापडते. लाखेच्या भांड्यांसाठी तिथे 'उरुशी' नावाच्या झाडाचा चीक वापरतात. दमट हवेत हा चीक आपोआप कडक होतो. हिकोरोकुरो योशिदा यांनी १८८३ मध्ये दाखवले की हे काम चिकातल्याच एका घटकाचे आहे. पुढे फ्रान्समध्ये गॅब्रिएल बर्ट्रां यांनी त्या विकराला 'लॅकेज' हे नाव दिले, आणि १८९६ पर्यंत तेच विकर बुरशीतही सापडले. त्या काळी ही नुसती नोंद होती.

तिचा अर्थ कळायला जवळजवळ शतक गेले. लाकडाला लाकूडपण देणारा पदार्थ म्हणजे लिग्निन. त्याची जडणघडण इतकी बेशिस्त असते की कुलपाला किल्ली बसावी तसे एखादे विकर त्याला बसू शकत नाही. लाकूड कुजवणाऱ्या पांढऱ्या बुरशीने यावर वेगळा उपाय काढला. ती समोरच्या रेणूचे इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि रेणू आपोआप ढासळतो. १९८३ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या वनोत्पादन प्रयोगशाळेत मिंग टिएन आणि केंट कर्क यांनी, आणि त्याच सुमारास ओरेगॉनमध्ये मायकेल गोल्ड यांच्या गटाने, 'फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम' या बुरशीचे लिग्निन फोडणारे विकर शोधले. रेणूचा आकार न पाहता तोडणारे हत्यार लाकडापुरते थांबणार नव्हते. १९८५ मध्ये हीच बुरशी डीडीटी आणि डायॉक्सिनसुद्धा फोडते असे प्रसिद्ध झाले. लवकरच ॲझो रंगांचीही पाळी आली.

उत्साह मोठा होता. नॉर्थ कॅरोलिनात कागद गिरणीच्या तपकिरी पाण्यासाठी फिरत्या चकत्यांवर ही बुरशी वाढवण्याची पद्धत आखली गेली. ती कामही करत होती, पण बुरशीला खायला वरून साखर घालावी लागे आणि तो खर्च गिरणीला झेपणारा नव्हता. त्यात बुरशीला आंबट पाणी मानवते आणि रंगखात्यातून येते ते गरम, खारट, सोड्याने अल्कधर्मी झालेले. उघड्या टाकीत जिवाणू तिला बघता बघता मागे टाकतात. काचपात्रात जिंकलेली बुरशी नाल्यावर हरत राहिली, आणि या हरण्याची चर्चा जिंकण्याच्या मानाने फारच कमी झाली.

दरम्यान बुरशीच्या दुसऱ्या एका कुळाकडे लक्ष गेले. जिवंत, निरोगी झाडाच्या आत गुपचूप राहणाऱ्या सूक्ष्मजीवांसाठी 'एंडोफाइट' हा शब्द जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८६६ मध्ये रूढ केला. आपण त्यांना अंतर्वासी म्हणू. दीर्घकाळ ते कुतूहलाचा विषय होते. १९७७ मध्ये अमेरिकेत फेस्क्यू गवत खाऊन आजारी पडणाऱ्या गुरांच्या दुखण्याचा संबंध गवतातल्या अंतर्वासी बुरशीशी लागला. १९९३ मध्ये यू वृक्षाच्या आतली बुरशी टॅक्सॉल हे कर्करोगावरचे औषध बनवते असे जाहीर झाले आणि सगळीकडे शोधाशोध सुरू झाली. सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडातही २००५ मध्ये कॅम्पटोथेसिन हे औषधी द्रव्य बनवणारी बुरशी मिळाली. याच औषधापायी नरक्याची चोरटी तोड आपल्या जंगलांत किती झाली, हे कोकण आणि कोल्हापूरकडच्या वाचकांना सांगायला नको.

ही बुरशी पकडण्याची रीत साधी आहे. पान किंवा मूळ धुऊन ते अल्कोहोलात आणि ब्लीचच्या पाण्यात बुचकळतात, म्हणजे बाहेरचे सगळे मरते. मग त्याचे बारीक तुकडे करून बटाट्याच्या काढ्याच्या जेलीवर ठेवतात. काही दिवसांनी कापलेल्या कडेतून पांढरे तंतू डोकावतात. जेलीत निळा रंग मिसळला असेल आणि तंतूंभोवती फिकट वलय पडले, तर बुरशीकडे रंग फोडणारे विकर आहे असे समजायचे.

झाडात सुखाने राहणाऱ्या बुरशीला असले हत्यार कशाला हवे? कारण तिच्यातल्या अनेक जाती वाट पाहत असतात. पान गळले, फांदी वाळली की त्यावर पहिला हक्क आत आधीपासून बसलेल्या बुरशीचा. कुजवण्याची तयारी ती झाड जिवंत असतानाच बाळगून असते. सारावाकमधल्या संशोधकांना तिथल्या एका रानझुडपात मिळालेल्या 'मरास्मियस' कुळातल्या बुरशीने 'रेमॅझॉल ब्रिलियंट ब्लू' हा कापडाचा रंग उतरवला. २०११ मध्ये येल विद्यापीठाने इक्वाडोरच्या जंगलातून आणलेल्या अंतर्वासी बुरशीने पॉलियुरेथेन प्लास्टिक पचवले. चीनमधील नानजिंग येथे एका झाडाच्या सालीतल्या बुरशीने कोळसा आणि तेलाच्या धुरातले फेनान्थ्रीन फोडून दाखवले.

हेही पुन्हा काचपात्रातलेच यश आहे. तरीही इथे एक वेगळी वाट दिसते. बाहेरच्या बुरशीला साखर विकत घालावी लागली, पण अंतर्वासी बुरशीला ती झाड फुकट देते. तिला घराबाहेर काढून टाकीत कोंडण्यापेक्षा झाडासकट नाल्यावर पाठवणे शहाणपणाचे ठरेल. अशी झाडे नाल्यावर पाठवण्याचा प्रयोग जुनाच आहे. जर्मनीत केटे झायडेल यांनी १९५० च्या दशकात फेनॉलमिश्रित सांडपाण्यात लव्हाळे वाढवून पाहिले. जगभरच्या पाणथळ शुद्धीकरण वाफ्यांची सुरुवात तिथे झाली. अशा वाफ्यांत लावल्या जाणाऱ्या नळ गवताच्या मुळांत अंतर्वासी बुरशी राहतात, हे जर्मनीच्याच कॉन्स्टन्स सरोवराकाठी पुढे दिसले. वाफा काम करत होता, पण त्याच्या मुळांत कोण राहते हे पाहायला बराच काळ कोणी गेले नव्हते.

आता पंचगंगेकडे यावे. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला आणि पुढे गाव कापडावर वाढले. रंगाच्या आणि प्रोसेसच्या पाण्याने नदीचे काय झाले, ते काठावरची माणसे अनुभवत आहेत. याच नदीच्या खोऱ्यात, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या जीवरसायनशास्त्र विभागाने कापडाचे रंग फोडणाऱ्या वनस्पतींवर वर्षानुवर्षे काम केले आहे. पाणकणीस, झेंडू, चिनी गुलाब यांची त्यांनी परीक्षा घेतली. 'ब्लूमिया माल्कमी' या वनस्पतीच्या ऊतींनी 'डायरेक्ट रेड ५बी' हा रंग फोडल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोगशाळेत वाढवलेल्या अशा निर्जंतुक ऊतींत बुरशी नसते, म्हणजे झाडाकडे स्वतःचीही हत्यारे आहेत. योशिदांना उरुशीच्या चिकात दिसले ते याच जातीचे.

उघड्यावर वाढलेल्या पाणकणसाच्या मुळांत मात्र झाड आणि बुरशी दोघेही असतात. त्यांतले काम कोणाचे किती, हे शोधायला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. ब्लीच, अल्कोहोल, बटाट्याची जेली आणि चिकाटी पुरे. कोल्हापूर, इचलकरंजी, सोलापूरच्या महाविद्यालयांतल्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी यंदाच्या प्रकल्पासाठी रंगखात्याच्या नाल्यात आजही हिरव्या उभ्या असलेल्या झाडांची मुळे उचलावीत आणि त्यांच्या आत कोण राहते ते पाहावे.